राब भाजायची वेळ

उंबरमाळीत फुटबॉल कोणी खेळत नाही. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं हे स्टेशन. पुढे घाट, आणि खेळ म्हणाल तर कबड्डी नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. भात कापून झालं की खाचरातच पीच चोपतात, बांधाला चुना मारतात आणि शिमग्यापर्यंत स्पर्धा चालतात. तरीही आमच्या गावच्या क्रिकेट संघाचं नेमकं दुखणं मला कळलं ते गोव्याच्या धेंपो क्लबाकडे बघून.

आय-लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात गेली. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. आमचे शहापूर आणि मुरबाड हे दोनच तालुके ज्याच्या निम्म्याहून जास्त भरतील एवढंसं ते राज्य! त्याआधीच्या राष्ट्रीय लीगमधली दोन धरली तर एकट्या धेंपोची पाच विजेतेपदं होतात. शेवटचं २०११-१२ चं. त्या संघाचा कणा पाहा. महेश गवळी, समीर नाईक आणि क्लायमॅक्स लॉरेन्स तिघंही तिशी ओलांडलेले, क्लिफर्ड मिरांडा तिशीला टेकलेला. पुढे रँटी मार्टिन्स, त्याने त्या मोसमात ३२ गोल मारले. बक्षीस समारंभाच्या फोटोत सगळे हसत असतात, वय कोणाचं दिसत नाही.

रँटी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या क्लबात गेला. क्लबाला घडवणारे प्रशिक्षक आर्मांदो कुलासोही पुढे गेले. २०१४-१५ मध्ये धेंपो खालच्या विभागात घसरला. पाच वेळचा विजेता, तीन मोसमांत!

धेंपोने तरुणांवर खर्चच केला नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्यांची स्वतःची अकादमी आहे. या देशातल्या बहुतेक क्लबांपेक्षा त्यांनी मुलांवर जास्तच पैसा लावला. पण अकादमीत मुलगा घडतो तो अर्धाच. उरलेला अर्धा घडतो तो मोठ्या सामन्यात, म्हातारा बचावपटू शेजारी उभा असताना. एकोणीस वर्षांच्या पोराची जागा चुकणारच, चेंडूचा अंदाज चुकणारच. शेजारी गवळी असेल तर ती चूक तिथेच निस्तरली जाते आणि पोरगा शिकतो. गवळी निघून गेल्यावर तीच चूक गोल होते, पोरगा बाकावर बसतो आणि क्लब बाजारात धावतो. म्हणून माझ्या मते संघ म्हातारा झाल्यावर पैसा घालून फारसं साधत नाही. तो घालायचा असतो जिंकत असताना, म्हाताऱ्यांचे पाय अजून चालत असताना. आणि नेमकं तेव्हाच कोणाला ते सुचत नाही, कारण जिंकणाऱ्या संघाला हात कोण लावणार?

मोठ्या पैशाला तरी ते कुठे सुचतं? एसी मिलानने २००७ ची चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा त्यांचा कर्णधार पाओलो माल्दिनी ३८ वर्षांचा होता. कौतुकाचीच गोष्ट, पण त्या कौतुकात पुढची पाच वर्षं त्याच पिढीवर निघाली. मग २०१२ च्या एका उन्हाळ्यात नेस्ता, गात्तुझो, सेडॉर्फ, इन्झागी सगळे एकदम गेले. एकेक करून सोडले असते तर प्रत्येकामागे एक पोरगा उभा राहिला असता. २०११ ला जिंकलेली इटालियन लीग मिलानला परत मिळाली ती थेट २०२२ मध्ये.

आपल्याकडची तऱ्हा आणखी न्यारी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली ती युरोपात उतरणीला लागलेली नावं घेऊन. दिल्लीला देल पिएरो, वय ३९. मुंबईला ल्युंगबर्ग, वय ३७. गोव्याला रॉबर्ट पिरेस, त्याने तर मोसम चालू असतानाच ४१ वं वर्ष पुरं केलं. लोक बघायला आले, तिकिटं खपली, मीही टीव्हीसमोर बसलो. पण गोव्यात पिरेसचं कौतुक चाललं होतं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात धेंपो घसरला होता, हे दोन्ही शेजारी ठेवून बघावं. पैसा नव्हता असं नाही. तो कुठल्या वयावर लावला, एवढाच प्रश्न.

आता आमचा संघ. सलामीचा गोलंदाज चाळिशीचा आहे. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करतो, सकाळच्या लोकलने उतरतो, घरी चहा घेऊन गुडघ्याला पट्टा चढवतो आणि मैदानावर येतो. पहिली ओव्हर अजूनही बघण्यासारखी टाकतो. तिसरीपर्यंत पट्टा खाली सरकलेला असतो आणि दर चेंडूनंतर तो वाकून वर ओढत असतो. किपर त्याच्याच वर्गातला. तिघं-चौघं संसारी, एक आजोबा झालेला. माणसं लाखमोलाची आहेत, खिशातले पैसे घालून संघ चालवणारी. त्यांच्याविषयी वाकडं बोलायची माझी प्राज्ञा नाही.

पण सीमारेषेवर उभा असलेला तो सतरा वर्षांचा पोरगा बघा. शहापूरला कॉलेजात जातो. सरावात त्याचा चेंडू सगळ्यांत वेगात पडतो, हे तेच सीनियर सांगतात. सामन्यात त्याला ओव्हर नाही, बॅटिंग नवव्या नंबरला. पहिल्या फेरीत कारण असतं, "आधी निघू दे रे." फायनलला कारण असतं, "आता रिस्क नको." हरलो तर, "पुढच्या वर्षी तुलाच देऊ." पुढच्या वर्षी त्याला आसनगावला कुठेतरी नोकरी लागते, रविवारची सुट्टी मिळत नाही, आणि मग आम्ही ओट्यावर बसून म्हणतो, आजकालच्या पोरांना खेळच नको, मोबाईल हवा. मला हे बोलणं ऐकवत नाही. पोराने तीन हंगाम चेंडू आणून दिले, आणखी काय करायचं होतं त्याने?

गंमत म्हणजे हे करणारे सगळे शेतकऱ्याचे मुलगे. राब कधी भाजायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. भर उन्हाळ्यात, कणगीत अजून भात असतो तेव्हा, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून रोपाची जागा भाजून ठेवतात. पाऊस पडल्यावर राब भाजायला निघालेला माणूस उंबरमाळीत वेडा ठरेल. संघाच्या बाबतीत मात्र आम्ही मृगाच्या सरी अंगावर घेत काड्या शोधतो.

देशाच्या फुटबॉल संघाचीही तीच कथा. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध खेळून राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, कोलकात्याने त्याला डोळे पुसत निरोप दिला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. वय चाळीस. त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला! छेत्रीला मुजरा. पण सव्वाशे कोटींहून मोठ्या देशाला निवृत्त माणूस परत आणावा लागतो, तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर थोडी लाजही वाटली पाहिजे. त्या मोसमात सुपर लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा भारतीयही तोच होता. परदेशी स्ट्रायकर आणणं क्लबांना सोपं जातं. मग त्या जागेवर इथल्या पोराला मिनिटं मिळायची कधी?

म्हाताऱ्या खेळाडूचं करायचं काय, याचं एक उत्तर धेंपोनेच पुढे दिलं. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांच्यासोबत, खालच्या विभागातून परत वर आलेला धेंपोही आय-लीगमधून बाहेर पडला. सुपर लीगला वरचं स्थान देणाऱ्या नव्या रचनेत आपल्याला वर चढायची वाटच नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. त्यानंतर गोव्यातच खेळत, मुलं वर आणत त्यांनी वर्षं काढली. २०२३-२४ मध्ये आय-लीगच्या खालच्या विभागातून ते पुन्हा आय-लीगमध्ये आले. प्रशिक्षक होता समीर नाईक, जुन्या विजेत्या संघाचाच बचावपटू.

आमच्या गोलंदाजाकडेही चार पोरांना शिकवण्याइतकं ज्ञान नक्की आहे. चेंडू कुठे टाकायचा, पाटा पीचवर हात कसा आवरायचा, हे त्याच्याएवढं पंचक्रोशीत कोणाला कळत नाही. त्याला फक्त कोणीतरी तसं म्हणायला हवं, आणि मानाने म्हणायला हवं.

दिवाळी झाली की संघ वर्गणीला निघतो. दरवर्षी निम्म्याहून जास्त पैसे नव्या टी-शर्टांवर जातात. छातीवर ढाब्याचं नाव, पाठीवर पुढाऱ्याचा फोटो, खाली सीनियर मंडळींची नावं. यंदा तुमच्या दारात आले तर पैसे जरूर द्या, पण टी-शर्टासाठी देऊ नका. अठराच्या आतल्या चार पोरांचे बूट घ्यायला द्या, आणि दर सामन्यात त्यांतल्या एकाला तरी दोन ओव्हर मिळतील असं कबूल करून घ्या.