मुरमाचा रस्ता

सायकलींच्या दुकानात या प्रकाराला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. ज्या रस्त्यांवर ती चालवायची त्यांना मात्र आपल्याकडे शब्दांची वाण नाही : पाणंद, गाडीवाट, शिवरस्ता, चाकोरी, वहिवाट. वाटेला इतकी नावे देणाऱ्या भाषेला त्या वाटेवरून निव्वळ हौसेखातर सायकल हाकावी असे कधी सुचले नाही, याची मला पूर्वी गंमत वाटे. आता तितकीशी वाटत नाही, आणि ती का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हे टिपण.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वाकड्या दांड्याची. टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा मुद्दाम कमी भरलेली. हवा कमी असली की टायर खड्यावर आपटत नाही, खड्याला किंचित पोटात घेतो. एक्कावन्नाव्या वर्षी गुडघ्याने असहकार पुकारला, डोंगर चढणे थांबले, तेव्हा मी ही सायकल घेतली. सवडीच्या रविवारी ती मोटारीत घालायची, जेजुरीपर्यंत जायचे आणि नाझरे धरणाच्या अंगाने, कऱ्हेच्या काठाकाठाने, आतल्या वाटांनी मोरगावच्या दिशेला निघायचे, असा माझा काही वर्षांचा क्रम आहे. (सायकल चालवण्यासाठी मोटार लागते, हा विनोद घरच्यांनी करून झालेला आहे.)

हा प्रदेश सपाट नाही आणि डोंगराळही नाही. एक टेकाड चढावे, माथ्यावर दम घ्यावा, तर पुढे उतार, उताराच्या तळाशी कोरडा ओढा आणि ओढ्यापलीकडे पुन्हा चढ. मागे वळून पाहिले की जेजुरीचा डोंगर दर वेळी थोडा बुटका झालेला. पाऊस इथे येतो तो सह्याद्रीवर बराचसा सांडून मग. त्यामुळे डिसेंबरात माळाचे गवत वाळून पिवळे पडते आणि मधल्या खोलगट पट्ट्यात कमरेएवढी ज्वारी हिरवीगार उभी असते. रस्ता मुरमाचा. मुरूम म्हणजे काळ्या पाषाणाचीच झिजून भुसभुशीत झालेली अवस्था. त्यात तांबूस, राखाडी, क्वचित जांभळट छटा असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात चाकाखाली त्याचा जो बारीक, भाजलेल्या दाण्यांसारखा आवाज येतो, त्यासाठी मी पहाटे साडेचारला उठू शकते. डांबरावर सायकल नुसती पळते. मुरमावर मात्र कुठे टणक आहे, कुठे भुसा आहे, काल इथून बैलगाडी गेली की ट्रॅक्टर, हे सारे तळव्यांतून आणि मनगटांतून कळत राहते. एखादा मजकूर सावकाश वाचावा तसे. ही उपमा माझ्या पेशातून आली आहे, हे सांगायला नकोच.

असल्या रस्त्यांवर प्रेम करणारे जगभर आहेत. इटलीत तोस्काना प्रांतात १९९७ साली ‘लेरोइका’ नावाची सायकलयात्रा सुरू झाली. जुन्या सायकली, जुने पोशाख, आणि हेतू असा की तिथल्या टेकड्यांमधल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर पडू नये. ते रस्ते वारसा मानले जावेत, असे म्हणणाऱ्या लोकांविषयी वाचताना मी मनोमन मान डोलावली होती. आपल्याकडे हे कोणाला कसे सुचत नाही, असेही वाटून गेले.

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. एका वस्तीपाशी पाणी घ्यायला थांबले. सात-आठ घरे, दोन गोठे, एक लिंब. डोक्याला हेल्मेट, दांड्यावर मोबाइल, कमरेच्या पिशवीत वही. चाळिशीची एक बाई गोठ्यातून बाहेर आली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “म्याडम, रस्त्याच्या मोजणीला आलाय का?”

“नाही हो. अशीच आले, फिरायला.”

“फिरायला? हितं?” तिने त्या रस्त्याकडे असे पाहिले, की त्यात माझ्यासारखीला दिसण्याजोगे काही आपल्या नजरेतून सुटले आहे का, हे तपासत असावी. मग तिने तो प्रश्न सोडून दिला आणि मी मोजणीचीच आहे असे धरून बोलू लागली. “ह्यो मुरूम हाय तवर ठीक हाय. म्होरं वढ्यापाशी काळी माती हाय बगा. पावसाळ्यात तिथं पाय निघत न्हाई. दूधवाला येत न्हाई, पोरं साळंला जात न्हाईत. आमच्या सासूबाईंना बाजंवर घालून न्हेलं चौघांनी. पार डांबरीपातूर. गाडी तिथं हुबी व्हती.”

“मग?”

“गाडीपातूर हुत्या.”

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. ती म्हणाली, “लिवून घ्या तुमच्या वहीत.”

वहीत त्या सकाळी मी लिहिले होते : तरवडाची फुले, धुळीचा वास, उतारावर आवाज बदलतो. त्याखाली मी लिहिले : ओढा, काळी माती, पावसाळा. तिने अक्षरे उमटताना पाहिली आणि तिचे समाधान झाले.

मी बरीच वर्षे ग्रामीण साहित्य शिकवले. ‘बनगरवाडी’ तर इतक्या वेळा, की पुस्तकाची पाने सुटी झाली. त्यातला तरुण मास्तर पायी चालत वस्तीवर येतो आणि राहतो. तिचे भांडणतंटे, तिचा दुष्काळ अंगावर घेतो. हा फरक मी वर्गात फळ्यावर लिहून सांगितलेला आहे. तरीही परतीच्या चढावर मला आठवली ती एक उत्तरपत्रिका. ‘ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण’ हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी काढत असे. एका मुलाने दोन पाने नेहमीचे लिहून शेवटी लिहिले होते, की निसर्ग लेखकाला दिसतो, पात्रांना दिसत नाही, त्यांना त्यात काम असते. मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला. तो मुलगा कोणत्या गावचा होता, हे मी कधी विचारले नव्हते. त्याचे म्हणणे सर्वस्वी बरोबर होते असेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची माणसे आभाळ वाचतात, माळ वाचतात. पण ती वाचतात ते पावसासाठी, चाऱ्यासाठी. माझ्यासारखी आवाजासाठी नव्हे. एवढे तरी समासात लिहायला हवे होते.

त्यानंतर वर्षभर मी त्या वाटेला गेले नाही. दुसऱ्या वाटा होत्या. मी लिहून घेतलेले कोणाला दाखवले का? नाही. कोणाला दाखवायचे, हेही मी शोधले नाही. असो.

२०२४ च्या जानेवारीत गेले तेव्हा रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग पडलेले होते आणि ओढ्यापाशी सिमेंटचे दोन मोठे नळ. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता हा रस्ता गेला. तो विचार मी इथे जसाच्या तसा नोंदवते. त्या बाईने मला लांबूनच ओळखले. “तुमी लिवून न्हेलं, झालं बगा काम!” माझे त्यात काही नाही, मी कोणीच नाही, असे मी दोनदा सांगितले. तिला तो माझा विनय वाटला. तिने चहा केला, आत हाक मारून सुनेला बोलावले आणि ‘ह्याच त्या म्याडम’ असे सांगितले. मी चहा प्यायले.

वस्तीपासून ओढ्यापर्यंत खडी नुसती पसरलेली होती, मुठीएवढी, सैल. त्यावर माझी सायकल चालेना. चाक रुतायचे, वळायचे, मी पाय टेकायचे. शेवटी उतरले आणि ढकलत निघाले. तिचा दहा-अकरा वर्षांचा नातू आपण होऊन मागून हात लावायला आला.

“सोमवारी रोलर येणार हाय,” तो म्हणाला. आणि जरा वेळाने, माझी समजूत काढावी तसे, “मग तुमची सायकल लई पळंल.”