आठव्या दिवशी काय?

“अगं, तुझं मराठी म्हणजे इस्त्री न केलेला ड्रेस!” असं माझी रूममेट नेहमी म्हणते. काय करणार, बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, पण वाचा जरूर.

मेसमध्ये पोळ्या वाढणारे काका सगळ्यांनाच माहीत आहेत. “पोरी, अजून एक घे” म्हणत ताटात दोन टाकणारे! मागच्या पावसाळ्यात ते पंधरा दिवस दिसलेच नाहीत. मग कळलं, त्यांच्या मुलाच्या बाइकला हायवेवर टेम्पोने उडवलं होतं. अनोळखी लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. मांडीत रॉड पडला.

वाचला ना, झालं तर मग! मलाही असंच वाटलं होतं. पण खरी परीक्षा डिस्चार्जनंतर सुरू होते. अपघातग्रस्तांसाठी २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. पण आठव्या दिवशी काय? फिजिओथेरपी, वॉकर, बुडालेला पगार, नुकसानभरपाईच्या दाव्याचे हेलपाटे... या सगळ्यात काकांना एका छोट्या ट्रस्टने हात दिला.

त्या ट्रस्टच्या ताईंना एका कंपनीकडे मदत मागायची होती. प्रेझेंटेशन कोण करणार? काकांनी माझं नाव सुचवलं. मी फेस्टच्या स्पॉन्सरशिप टीममध्ये, त्यामुळे जाम कॉन्फिडन्स! तब्बल २२ स्लाइड्स केल्या. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, हा आकडा पहिल्याच स्लाइडवर. मग कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, यालाच सीएसआर म्हणतात. अपघातग्रस्तांवरचे उपचारही त्यात बसतात, असं सरकारने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

कंपनीतले साहेब सज्जन होते. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “एका लाखात लाभार्थी किती?” फिजिओथेरपीचे जेमतेम चार पेशंट निघत होते! एकोणिसाव्या स्लाइडवर मी आपलं उगाच भर म्हणून हेल्मेटवाटप टाकलं होतं. नेमकं तेच त्यांना आवडलं. शंभरावर हेल्मेट, प्रत्येकावर कंपनीचा लोगो आणि ३१ मार्चच्या आत काम पूर्ण!

बाहेर आल्यावर मी जाम चिडले. ताई मात्र शांत. म्हणाल्या, “हेल्मेटनेही डोकी वाचतातच की गं. पण ती स्लाइड घातली कोणी?”

मी गप्प!

खरंच होतं ते. फेस्टसाठी पैसे मागताना मी हेच शिकले होते. बॅनर केवढा, लोगो किती जणांना दिसणार. पण मोडलेला पाय कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा जमिनीला टेकतो, त्याला लोगो कुठे लावणार?

मग लायब्ररीत बसून नियम नीट वाचले. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी ३ वर्षांपर्यंत चालवता येतं. त्याचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. म्हणजे सगळं मार्चच्या आत उरकायची सक्ती कायद्याची नाहीच! नवीन प्रेझेंटेशन फक्त ६ स्लाइड्सचं केलं. विषय एकच, आठवा दिवस. “बोर्डापुढे ठेवतो,” असं साहेब म्हणालेत. उत्तर अजून यायचंय.

मित्रांनो, चार-पाच वर्षांनी आपल्यापैकीच कोणीतरी त्या टेबलापलीकडे बसलेलं असेल. तेव्हा “किती जणांना?” हे जरूर विचारा. पण “किती दिवस?” हेही विचाराल ना?

काल काकांचा मुलगा एका कुबडीवर मेसमध्ये आला होता. काकांनी त्याच्याही ताटात पोळ्या वाढल्या... एक म्हणत दोन!