फादर बाखर आणि आमच्या डोंगरावरचे चर

परवाच्या पावसानंतर डोंगरावर चक्कर मारून आलो. वरच्या अंगाचे सलग समतल चर निम्म्याहून जास्त गाळाने बुजलेत. तरी खालच्या विहिरीला दोन हात पाणी चढलं. हे चर खोदले तेव्हा मी शाळेत होतो, आई-बापू दोघंही श्रमदानाला जायचे.

चरांचा विषय निघाला की आमच्या नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांचं नाव निघतंच. स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. जन्म १९२४ चा, १९४८ ला भारतात आले आणि उमेदीची वर्षं इथल्या दुष्काळी गावांत घातली. तहानलेल्याला पाणी पाजलं की ते प्रभूलाच पोचतं, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. ती मानणारा एखादा टँकर मागवून मोकळा झाला असता. बाखरांनी नाबार्ड आणि जर्मनीच्या मदतीने पाणलोटाचा कार्यक्रम उभा केला, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर ‘वॉटर’ संस्था काढली. काम माथ्याकडून पायथ्याकडे. आणि गावाला अटी: श्रमदान करा, चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा.

मला विचाराल तर त्यांची खरी सेवा ह्या अटींत होती. (काहींना पटणार नाही, माहीत आहे.) फुकट वाटणाऱ्याला दुवा मिळतो, ‘शेळ्या डोंगरावर सोडू नका’ म्हणणाऱ्याला शिव्या. त्या खायची तयारी ठेवून माणूस गावोगाव फिरला.

पण शिव्या देणाऱ्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या वस्तीवरच्या एका मावशींना गुंठाभर जमीन नाही. चराईबंदीत त्यांनी बारा शेळ्या विकल्या आणि दोन वर्षं आईशी बोलल्या नाहीत. पाणी वाढलं खालच्या विहीरवाल्यांचं, म्हणजे आमचं, आणि झळ बसली त्यांना. पुढे बंद डोंगरातलं गवत कापून न्यायला पहिला मान त्यांना दिला, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. कृषीवाल्या मित्रांनी आराखडा करताना शेळीवाल्याचा हिशेब आधी मांडावा.

बाखर २०२१ मध्ये गेले. आता चरांतला गाळ काढायला कुठली योजना यायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी ७ वाजता चढायचं, आमच्या घरची चार माणसं नक्की. शेळीवाल्यांशी त्याआधी मी बोलतो. कुदळ, फावडं, घमेलं ज्याचं त्यानं आणा. आणि काढलेला गाळ चराच्या खालच्या अंगाला टाका, वरच्या बाजूला टाकला तर पुढच्याच पावसात परत चरात.