बाजारातला उपवास

राखेच्या बुधवारी आमच्या चर्चमध्ये दरवर्षी मत्तयच्या शुभवर्तमानातला तोच उतारा वाचतात. उपवास करताना चेहरा पाडून हिंडू नका, तुमचा उपवास कुणाला कळताही कामा नये, असा त्याचा अर्थ. वसईत वाढल्यामुळे ते अंगवळणी पडलेलं. शुक्रवारी मांस-मासळी नाही, संध्याकाळी क्रूसाची वाट. आपल्या ताटात काय नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नसे.

एका वर्षी ठरवलं, राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक घरात आणायचं नाही. कल्पना माझी नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात रोजच्या साध्या सवयी सांगितल्या आहेत. पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, आणि त्यातच, प्लास्टिक टाळा. देवाची सृष्टी सांभाळणं हे त्यांच्या लेखी भक्तीबाहेरचं काम नाही.

पण हा उपवास लपवता येईना. मटण सोडलं तर आपलं आपल्यापाशी राहतं. मासळीबाजारात मात्र बोंबलांचा वाटा घेताना स्टीलचा डबा पुढे करावा लागतो, वर बोलावंही लागतं. “पिशवी काय इकत देते का मी? घे की गो,” मावशी म्हणायची. मागे उभ्या बायकांना घाई असायची. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आमच्या बाजारात पिशवी तेवढी टोपलीखाली गेली. कायद्याचा धाक विकणारीला, व्रताचा घेणारीला. डबा विसरला की मासळी नाही, असा नियम मीच घातला होता, त्यामुळे कधीकधी घरच्यांनाही वालाच्या आमटीवर भागवावं लागलं.

आईला यात नवल वाटलं नाही. तिच्या तरुणपणी वसईच्या बायका भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन लोकलनं दादरला जायच्या. फुलं केळीच्या पानात, केळीच्याच सोपानं बांधलेली. आमची सुकेळीसुद्धा सुक्या पानात गुंडाळलेली. “तेव्हा ह्याला कुणी उपवास म्हणत नव्हतं,” ती म्हणाली.

सगळं जमलं असं नाही. दुधाच्या पिशव्या येतच राहिल्या, त्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याकडे गेल्या. गोळ्यांच्या पाकिटांना तर पर्यायच नव्हता.

मत्तयचा उतारा मात्र मनात टोचत राहिला. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कुणी माझ्या डब्याचं कौतुक केलं की मी अवघडायचे. तो उतारा नेमका याच कौतुकापासून सावध करतो. बाजारात ती भीती नव्हती. मावशीच्या लेखी मी भाविक नव्हतेच, नुसतं एक कटकटं गिऱ्हाईक होते. उपवास गुप्त ठेवायला याहून बरी जागा मला सापडलेली नाही.