आष्ट्याच्या डबक्याकाठी

पेठहून सांगलीकडे निघालात की वाटेत आष्टा लागते. उत्तरेला कृष्णा, दक्षिणेला वारणा. पुढे हरिपूरला दोघी भेटतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. पाहणाऱ्याला वाटावे, इथे लक्ष्मी पाणी भरते.

पण जरा शिवारात शिरा. मध्येच एखादे रान पांढरेफटक दिसेल, कडेला लव्हाळा आणि खोलगटात बारमाही पाणी. अशाच एका डबक्याकाठी मी सुटीच्या दिवशी गळ घेऊन बसतो. पाण्यात चिलापी आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली आपल्या देशात आला. कोमट, खारवट पाण्यातही तो तगतो.

गळाला मी गांडूळ लावत नाही. ते रानात राहिलेले बरे. पिसाची माशी बांधतो. तुम्हीही बांधून पाहा. लहान गळ शेगड्यात पकडा. काळ्या दोऱ्याचे वेढे देत मागे जा, तिथे बोटाच्या पेराएवढे पिसाचे शेपूट बांधा. गळाच्या दांड्यावर काळी लोकर गुंडाळा. पुढच्या टोकाशी कोंबड्याच्या मानेचे पीस तीन-चार वेढ्यांत फिरवा, दोऱ्याच्या गाठी मारा आणि वर नखपॉलिशचा थेंब सोडा. पाण्यात ही माशी चतुराच्या अळीसारखी दिसते. कळकाची काठी, तंगूस, आणि हळूहळू ओढ, बस्स. सकाळ-संध्याकाळ साधा. चिलापीची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. तोंडात पिले दिसली तर तिला त्याच पाण्यात सोडा. नदीत मात्र सोडू नका. तिथल्या देशी माशांच्या घासात ती वाटेकरी होते.

परवा रानाच्या मालकाचा नातू शेजारी बसून माशी बांधायला शिकला. म्हणाला, "काका, इथं आधी काय हुतं?"

मी गप्प. आबाच बोलले, "ऊस हुता बाळा. एकरी चांगला उतारा द्यायचा." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तवाच जरा दटावून सांगायचं हुतं."

खरे आहे. मी नोकरीत नवा होतो. आबा रात्रभर पाट सोडून झोपत, ते मी पाहिले होते. भारी काळी जमीन, निचरा कमी. पाणी खाली साचत वर चढले, उन्हाने उडाले आणि क्षार मागे राहिले. चांगला उतारा पाहून मी हळूच बोललो आणि विषय सोडून दिला.

म्हणून आज मोठ्याने सांगतो. ऊसाला पाणी बेताने द्या, ठिबक करा. बांधावरचे चर बुजवू नका. शेजाऱ्यांनी मिळून काढले तरच पाण्याला वाट मिळते. माती तपासून घ्या. चोपण निघाली तर जिप्सम व धैंचा, पण आधी निचरा.

आबा यंदा चर खणणार आहेत. डबके आटेल, माझी मासेमारी जाईल. जाऊ दे. नातवाने तिथे ऊस पाहिला, म्हणजे झाले.