प्लस पाचचं देणं

धाकटी बहीण अडीच वर्षांची असताना तिचा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला. अंगणातून रस्त्यावरची बैलगाडी बघताना फारसं काही जाणवायचं नाही; ताट समोर आलं की डोळा आत. आजीने सगळा दोष पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याला दिला. शेजारणी म्हणाल्या, मोठी झाली की जाईल.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक नेत्रचिकित्सा अधिकारी होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी सांगायचे, “मी डॉक्टर नाही, नंबर काढणारा माणूस आहे.” त्यांनी आधी आम्हाला जिल्ह्याला पाठवून आतला पडदा तपासून घेतला. मग घरी डोळ्यांत घालायला अॅट्रोपिनचं मलम दिलं. तीन दिवस धाकटी उन्हाला डोळे मिटून रडत होती आणि आजी त्या ‘डॉक्टरा’चा उद्धार करत होती.

मलम कशाला, हे त्यांनी आईला आणि मला समजावलं. मी तेव्हा सातवीत होतो. बाहेर ओळीत किती माणसं ताटकळली होती ते आठवलं, की त्यांनी आम्हाला दिलेल्या त्या दहा मिनिटांची किंमत कळते. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातले ४०च्या वर नुसतं पुढचं पारपटल देतं, आणि ते काही कमीजास्त होत नाही. जवळचं बघायला आतलं भिंग फुगावं लागतं. ते भिंग बारीक तंतूंनी एका गोल स्नायूला बांधलेलं असतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून चार टोकं आम्हाला धरायला लावली आणि म्हणाले, “आता सगळे एक पाऊल पुढे या.” रुमाल सैल पडला. स्नायू आवळला की तंतू असे ढिले होतात आणि ताणून चपटं झालेलं भिंग आपोआप गोल होतं.

“पोरीचा डोळा लांबीला जरा आखूड आहे,” ते म्हणाले. “चित्र पडद्याच्या मागे जातंय. ते पुढे ओढायला तिचं भिंग दिवसभर राबतं. आणि भिंग राबलं की दोन्ही डोळे आत वळायचे, ही जोडी निसर्गानेच लावलेली. वहिनी, चिमणाळ्याला बोल लावू नका.” मलमाने तो स्नायू सुटीवर गेला होता, आता डोळ्याला खरा नंबर लपवता येणार नव्हता.

अडीच वर्षांचं पोर अक्षरं काय वाचणार? तिला काही विचारलंच नाही. अंधारात हातभर अंतरावरून त्यांनी रेटिनोस्कोपच्या उजेडाची पट्टी बाहुलीवरून सरकवली, आणि मला डोळा लावू दिला. आतून तांबूस उजेड परत येत होता, पट्टीबरोबर सरकत होता. एकेक प्लसचं भिंग पुढे धरलं तशी ती सरकण्याची चाल बदलली. साडेसहाला सगळी बाहुली एकदम उजळली. “यातून दीड वजा,” ते म्हणाले, “कारण मी क्षितिजावर नाही, इथे बसलोय.” प्लस पाच.

चष्मा लागला आणि काही आठवड्यांत डोळा सरळ झाला. मागे पडलेल्या उजव्या डोळ्याला कामाला लावायला डावा रोज थोडा वेळ पट्टीने झाकायचा होता. त्या पट्टीवरून घरात झालेली महाभारतं सोडून देतो. दादा शेंगांची पिशवी घेऊन गेले. साहेबांनी मूठभर ठेवून घेतल्या आणि म्हणाले, पोर वाढेल तसा नंबर बदलेल, काचांना पैसे राखून ठेवा. पुढे त्यांची बदली झाली.

कॉलेजात वाचलं, की १८०१ मध्ये थॉमस यंगने आपल्या डोळ्यापुढे पाणी धरून पारपटलाची ताकद जवळजवळ पुसून टाकली, आणि तरीही जवळ-दूर जुळवता येतं, म्हणजे ते काम भिंगाचं, असं दाखवलं. वर्गात कुणाला हे चटकन पटेना. मी रुमाल काढला.

आखूड डोळा घराण्यात उतरतो, म्हणून गेल्या वर्षी धाकटीने आपल्या मुलाला तपासायला नेलं, मीही गेलो. तिथल्या तरुण मुलीने भिंगं लावून आकडा लिहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, “दीड वजा केलं ना?”

तिने वर बघितलं. “काका, तुम्ही याच लाइनमधले का?”

धाकटीच म्हणाली, “नाही हो. माझा नंबर काढला तेव्हा हा शेजारी उभा होता.”