टायरचं वय

गाडी दुकानासमोर लागली की माझा हात आधी टायरवर जातो. तळवा नक्षीवरून आडवा फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट येताना करवतीसारखी धार लागली, तर अलाइनमेंट बिघडलंय. दोन्ही कडा झिजून मधली नक्षी शाबूत असेल, तर गाडी कमी हवेवर पळवलीय. मधला पट्टाच गोटा झाला असेल, तर हवा जास्त. दुचाकीचा मागचा टायर मात्र हवा बरोबर असली तरी मधूनच आधी संपतो, इंजिनाचा जोर त्याच्यावर आणि आमच्याकडचे रस्ते सरळ. हे वाचायला वडिलांनी शिकवलं, इथेच जालन्यात, ट्रकचे टायर टामीने उघडता उघडता.

नक्षी किती उरली याचं माप टायरनेच दिलेलं असतं. खाचांच्या तळाशी रबराचे बारके उंचवटे असतात. कारची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची मर्यादा तीच, दुचाकीला ०.८. नवा कार टायर साधारण ८ मिलिमीटरचा. मी मात्र ३ वर आलेला टायर पावसाळ्याच्या आधी बदलायला सांगतो. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, आणि टायर रस्त्याऐवजी पाण्यावर चालू लागतो.

पण हाताला न कळणारी एक गोष्ट आहे. वय.

यंदाच्या उन्हाळ्यात मला सातवीला शिकवलेले गुरुजी आले. लेकीकडे नागपूरला समृद्धी महामार्गाने निघायचं होतं. गाडी चाललेली जेमतेम बावीस हजार किलोमीटर. म्हणाले, "फक्त हवा बघ रे, टायर नव्यासारखेच आहेत." नक्षी खरंच भरपूर होती. मी बॅटरी घेऊन वाकलो. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते, ४११५. म्हणजे २०१५ सालचा एकेचाळिसावा आठवडा. साइडवॉलवर बारीक भेगा, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा.

गाडी दारात उभी असली तरी ऊन आणि हवा रबर खातच असतात. ते कडक होत जातं. शंभरच्या वेगाला कारचं चाक मिनिटाला नऊशेच्या वर फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल दबते, उठते. त्यात हवा कमी असली तर ती जास्त दबते, जास्त तापते. समृद्धीवर टायर फुटला की लोक तिथल्या काँक्रीटच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या टेबलावर आलेल्या फुटक्या टायरांत मला बहुतेक वेळा कमी हवा आणि म्हातारं रबरच दिसलं. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते फार चांगलं झालं. पण नक्षी बघून गुरुजींची गाडी कुणीही सोडली असती.

"किती पडतील?" त्यांच्या मापाचा चांगला टायर साडेचार हजारांच्या आसपास, चारांचे अठरा, वर अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे हजारभर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून एवढ्यात बसतं. साध्या मोटारसायकलचा मागचा टायर दोन हजारांच्या आगेमागे येतो.

"मग आत्ता दोनच टाक."

"गुरुजी, दोन टाकले तर नवे मागे घालावे लागतील. मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते, स्टिअरिंगने सावरत नाही. आणि मग पुढे हेच दहा वर्षांचे राहतात. ते घालून मी तुम्हाला नागपूरला जाऊ देणार नाही."

त्या दिवशी मी त्यांना एकही टायर विकला नाही. ते रेल्वेने गेले. महिन्याने पेन्शनीतले पैसे बाजूला काढून चारही बदलून घेतले.

पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर दाखवून घ्या. दहाव्या वर्षी नक्षी कितीही असो, काढा. आज घरी गेल्यावर ते चार आकडे शोधा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा, आणि स्टेपनीचेही वाचा.